पोपटीचे दिवस आणि दहावा माणूस

गेल्या शनिवारी मी इस्राएलच्या लेकरांना एक आठवडा आधीच समुद्रापार नेलं.

नेलं ते चांगलं मोठ्या आवाजात. हात वर करून पाणी दुभंगलं, दोन्ही अंगांना पाण्याच्या भिंती उभ्या केल्या, शेवटच्या म्हातारीलाही ओल्या पायांनी पलीकडच्या काठावर चढवलं आणि समोर बसलेल्या सहा जणांना विचारलं, "तर मंडळी, आजच्या माणसाने यातून काय घ्यायचं?" पहिल्या बाकावरचे आयझॅकभाऊ चष्मा पुसत म्हणाले, "ते नंतर बघू. पण फारोनं अजून होय म्हटलेलं नाय."

बरोबर होतं त्यांचं. फारो म्हणजे मिसरचा, आजच्या इजिप्तचा राजा; त्याने आमच्या पूर्वजांना गुलामीतून सोडल्यावर येणाऱ्या समुद्राची पाळी पुढच्या शनिवारची. टोळधाड, तीन दिवसांचा काळोख आणि मिसरातली ती शेवटची रात्र, एवढं सगळं अजून व्हायचं होतं. मी कॅलेंडरावर ओळ चुकलो होतो. बायकांच्या बाजूने खोकल्याचा आवाज आला. माझी बायको सिम्हा हसू आलं की खोकते. मी लगेच सगळ्यांना पुन्हा मिसरात आणून बसवलं. कुणाची तक्रार नव्हती. आम्हाला सवय आहे.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. पेण-रोह्याकडची जुनी माणसं आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीद म्हणतो. इस्राएलला मिसरातून सोडवणाऱ्या मोशेची पाच पुस्तकं, म्हणजे तोरा, वर्षाच्या आठवड्यांत वाटलेली आहेत. दर शनिवारी एक भाग, त्याला म्हणायचं पराशा. मग कुणीतरी उठून तो मराठीत सांगतो आणि आजच्या जगण्याला त्यातलं काय लागू पडतं ते काढून दाखवतो. बरीच वर्षं हा कुणीतरी म्हणजे मी. माझी निवड गुणांवर झालेली नाही. बाकीचे गेले.

खरं म्हणजे गेल्या शनिवारचा दोष धुराचा. आमच्याकडे थंडीत वालाला शेंगा धरल्या की बांधाबांधावर मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागते. सकाळी मशिदीकडे येताना रामवाडीच्या अंगाने आलो, तर आदल्या संध्याकाळच्या जाळाचा वास अजून हवेत होता. भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो उग्र, कडवट, तरी भूक लावणारा वास. तो नाकात गेला की मी या वर्षात राहत नाही. सरळ त्या हिवाळ्यात जाऊन पडतो, जेव्हा मी दहावा होतो.

दहावा म्हणजे काय ते सांगतो. पेटीतून सेफेर, म्हणजे तोऱ्याची गुंडाळी, बाहेर काढून वाचायची तर मशिदीत दहा पुरुष हवेत. नऊ असले तर गुंडाळी आतच. त्या हिवाळ्यात पेणमध्ये नऊ उरले होते. दर वर्षी एखादं घर इस्रायलला जायचं, दारावर कुलूप, खिडकीत कुंडी तशीच. दहावा मी, आणि मी राहायचो रोह्याला.

तेव्हा नागोठण्याजवळची कंपनी नवी होती आणि मी तिच्यात नवा होतो. शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट संपवून नागोठण्याला गाडीत बसायचं, सूर्य बुडायच्या आत, म्हणजे आमचा शनिवार लागायच्या आत, पेण गाठायचं, रात्र रहमीमकाकांकडे काढायची, शनिवार मशिदीत, आणि आकाशात तारे दिसले की परतीची गाडी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सिम्हा रोह्यात बालवाडीत शिकवायची, शनिवारी तिची शाळा असायची. शेजारच्या बाई तिला विचारायच्या, "काय गो, दर शुक्कीरवारी नवरा जातो कुठं?" ती म्हणायची, "मोजून घ्यायला."

मोजणीचीही आमची एक तऱ्हा आहे. माणसं बोटाने मोजायची नाहीत, अशुभ समजतात. त्याऐवजी दहा शब्दांचं एक जुनं वचन म्हणायचं आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं. शब्द संपले की दहा भरले. रहमीमकाका दारापासून सुरुवात करत आणि मी कोपऱ्यात बसायचो, त्यामुळे शेवटचा शब्द नेहमी माझ्यावर पडे. त्या शब्दाचा अर्थ 'सर्वकाळ'. दर शनिवारी सकाळी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणत, सर्वकाळ. आणि सुस्कारा टाकून पेटी उघडत. 

रहमीमकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पेणच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावातले अर्धे गणपती रंगवणारे त्यांच्या हाताखालून गेलेले, रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करायचे. काकू वारल्या होत्या. एकुलती लेक इस्रायलमध्ये. काका उंच, वाळकेसे, आणि आवाज असा की पराशा सांगू लागले की पालीसुद्धा भिंतीवर थांबायच्या.

त्या दिवसांत मोशेचं दुसरं पुस्तक चालू असतं. मिसरातली गुलामी, फारोचा हट्ट, एकामागून एक संकटं. सुटका होणार होणार म्हणता म्हणता आठवडे जातात. काकांना त्यातून आजचं काढायची हातोटी होती. मिसराला दुष्काळातून वाचवणाऱ्या आमच्या योसेफाची ओळख नसलेला नवा राजा गादीवर आला, हे वाचून झालं की म्हणाले, "प्रत्येक हापिसात असा राजा येतो. त्याला दोष देऊ नका. योसेफ कोण होता, ते त्याला आपण जाऊन सांगितलं का?"

नेमका तेव्हा कंपनीत आमचा नवा साहेब आला होता आणि माझी शनिवारची सुट्टी त्याने अडवली होती. जुन्या साहेबाशी माझं ठरलेलं होतं की रविवारी मी जादा येईन. याला काही ठाऊक नव्हतं. मी काकांचं ऐकून सोमवारी सकाळी योसेफाची ओळख करून द्यायला केबिनमध्ये गेलो.

साहेब म्हणाले, "शनिवार का पण? मुसलमान आहात का?"

"नाही साहेब, त्यांचा शुक्रवार."

"ख्रिश्चन?"

"त्यांचा रविवार."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अच्छा! मारुतीचा का? मग आधी सांगायचं ना. माझ्या वडिलांचाही कडक शनिवार होता."

मी मान हलवली. सुट्टी मंजूर झाली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते छताकडे बघून हसले. मग म्हणाले, "बेनू, फारोनं सोडलं खरं, पण भलत्याच देवाच्या शब्दावर."

हसण्यावारी नेलं, पण आतून माझं काही ठीक नव्हतं. सिम्हाचे आईवडील, दोन्ही भाऊ इस्रायलमध्ये डिमोनाला जाऊन स्थिरावले होते. आमचेही कागद तयार होते. पेसाखच्या सणाच्या आत निघा, असा तिच्या आईचा लकडा. रोह्याच्या स्टेशनरोडवर एसटीडीचं बूथ होतं. रविवारी तिथे आईचा फोन यायचा, काचेच्या त्या खोक्यात सिम्हा आणि मी खांद्याला खांदा लावून उभे राहायचो, आणि तिकडून बारीक आवाज यायचा, "माझे डोळे जात चाललेत. तुझं तोंड दिसतंय तोवर ये गो पोरी." सिम्हा रिसीव्हर ठेवायची आणि काचेतून बाहेर बघत विचारायची, "काकांना सांगितलंत?"

"पुढच्या शनिवारी सांगतो."

मी जायचं म्हणजे पेणची पेटी बंद. माझ्यानंतर येणारा कुणी नव्हता. काकांच्या तोंडावर हे सांगायचं कसं? मी रात्रभर वाक्यं जुळवायचो. कुणी मला बांधलं नव्हतं, कुणी शपथ घातली नव्हती. एखाद्याने मारलं, कोंडलं तर माणूस पळ तरी काढतो. इथे आठ म्हातारे आणि एक मधुमेही पोस्टमन, मला आत येताना बघून नुसते हसायचे. त्या हसण्यातून सुटायला वाट नव्हती.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्याला बेडकांचं संकट आलं. बेडूक अंथरुणात, पिठाच्या परातीत, चुलीत. फारो कंटाळून मोशेला म्हणतो, घालव यांना. मोशे विचारतो, कधी घालवू? आणि फारो म्हणतो, उद्या. काका इथे थांबले. "बघा," म्हणाले, "अंगावर बेडूक नाचतायत. आत्ता म्हणाला असता तर आत्ता गेले असते. पण नाही. आणखी एक रात्र त्यांच्यासंगे काढीन, पण निर्णय उद्या. हा फारो मला ओळखीचा वाटतो."

माझी खात्री झाली की हे मलाच उद्देशून आहे. सिम्हाने काकांना काही कळवलं असावं.  पण काका माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. ते मला पुष्कळ नंतर आठवलं.

असाच एक शुक्रवार कासूला गेला. तेव्हा मार्ग एकेरी, समोरून मालगाडी यायची म्हणून आमची गाडी कासूला उभी राहिली ती राहिलीच. दोन्हीकडे वालाची शेतं, ऊन पिवळं पडत चाललेलं, आणि मी दर मिनिटाला खिडकीतून सूर्य बघतोय. समोर शेंगांची पाटी घेऊन बसलेली एक आगरी मावशी मला न्याहाळत होती.

"काय रं बाला, घरी कोन आजारी हाय?"

"नाय मावशी. दिवस बुडायच्या आत पेणला मशिदीत पोचायचंय."

"मुसलमान हायस?"

"नाय. शनवार तेली."

"आगो, मंग तसा सांग ना! आमचे आजीला तुमचाच तेल लागायचा." ती मोकळी झाली. "मंग दिवस बुडला तं काय होतं?"

"गाडीत बसता येत नाय आम्हाला."

"मंग उतर."

"उतरलो तर पोचणार कसा?"

"मंग बस."

"बसलो तर पाप लागतं."

तिने जरा विचार केला. पाटीतल्या मूठभर शेंगा काढून माझ्या हातात ठेवल्या. "मंग खा."

मी वालाचे कच्चे दाणे खात बसलो. सूर्य बुडाला. उतरलो नाही, पोचलोही नाही, दारात उभा राहून एकदा नागोठण्याकडे बघितलं, एकदा पेणकडे. त्या संध्याकाळएवढा अडकलेला मी पुन्हा कधी नव्हतो, आणि त्या मावशीएवढा नेमका सल्ला पुन्हा कुणी दिला नाही. अंधार पडल्यावर पेणला पोचलो तेव्हा काका दारातच उभे होते. "आलास," एवढंच म्हणाले. मला वाटलं, रागावलेत.

दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावर काकांनी स्वतः पोपटी लावली. परतीच्या गाडीला अवकाश होता. त्यांच्या शेजाऱ्याच्या शेतात आम्ही दोघंच. काकांनी मडक्याच्या तळाला भांबुर्डा अंथरला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे आणि अंडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड गच्च बंद केलं, आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवला. पाण्याचा थेंब नाही. आतल्या आत, आपल्याच ओलाव्याच्या वाफेत जे शिजेल ते. मी त्या पालथ्या मडक्याकडे बघत बसलो. आतल्या शेंगांबद्दल मला नको तितका जिव्हाळा वाटत होता.

जाळ उतरला तेव्हा काका म्हणाले, "बेनू, तुला एक सांगायचंय."

"मलाही काका."

"तू सांग."

"नाही, तुम्ही मोठे. तुम्ही आधी."

त्यांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब जागीच उडून गेले. झाली पोपटी. "राहू दे," काका म्हणाले, "उद्या बोलू. शेंगा गरम आहेत तोवर खाऊन घे."

उद्या मी रोह्याला असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी आईच्या फोननंतर सिम्हाने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. ती बोलत नाही तेव्हा घरातली भांडीसुद्धा आवाज करत नाहीत. शुक्रवारी बघतो तर तिने शाळेतून रजा काढलेली, पिशवी भरून ती नागोठण्याच्या फलाटावर माझ्याआधी हजर. "तुमच्यानं होत नाय," म्हणाली, "मी ऐकते तुम्ही कसं सांगता ते."

त्या शनिवारचा पराशा तोच, ज्याच्यावर गेल्या शनिवारी माझी घसरगुंडी झाली. फारो आता घायकुतीला आलाय. मोशेला विचारतो, जाणार म्हणतोस, पण कोण कोण जाणार? मोशे सांगतो, आमची पोरं, आमची म्हातारी माणसं, लेक, लेकी, सगळे. फारो म्हणतो, ते जमायचं नाही, फक्त पुरुषांनी जावं. काकांनी एवढं सांगितलं आणि ते अडखळले. आयुष्यात पहिल्यांदा. आजच्यासाठी काय घ्यायचं, हे न सांगताच त्यांनी पुस्तक मिटलं.

नंतर अंगणात मनुकांच्या शरबताचे पेले फिरले. सिम्हा पायरीवर उभी, नजर माझ्यावर. मी पेला खाली ठेवला, काकांपुढे गेलो आणि रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं विसरून म्हणालो, "काका, आमचे कागद आलेत. पेसाखच्या आत जायचं म्हणतोय."

 काका खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले.

"अरे, माझेही आलेत," म्हणाले. "लेक दोन वर्षं बोलावतेय. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. पोरगा रोह्याहून एवढा धडपडत येतो, कासूला लटकतो, नव्या बायकोला सोडून येतो. त्याला कोणत्या तोंडानं सांगू, की मी चाललो? वाटायचं, एखाद्या शुक्रवारी तू आला नाहीस की मी सुटलो. कासूला गाडी अडकली त्या दिवशी दारात उभा होतो. म्हटलं, आज नाही आला. आणि तू आलास."

म्हणजे सगळा हिवाळा मी काकांना फारो समजत होतो आणि काका मला. दोघांनी मिळून एकमेकांना मिसरात धरून ठेवलं होतं, आणि दोघंही दर आठवड्याला सुटकेचा पराशा भक्तीने ऐकत होतो.

हसून झालं. बाकीचे आठ जण पेले हातात धरून उभे. आयझॅकभाऊ तेव्हा त्यांत सर्वांत तरुण, ते हळूच म्हणाले, "मग मशीद बंद करायची का?"

काका म्हणाले, "एक गेला काय, दोन गेले काय, सेफेर पेटीतच राहणार. पण छापलेलं पुस्तक उघडायला दहा लागत नाहीत. पराशा सांगणारा एक लागतो." हे ते कुणाकडेही न बघता बोलले. पण बाकीच्या आठांनी बघितलं, आणि कुणाकडे बघितलं ते सांगायला नको. गंमत बघा. इतके महिने मी नुसता आकडा होतो. माझ्या जागी दुसरा कुणी, अगदी मुका बसला असता तरी चाललं असतं. आकड्याला निघून जाता येतं. आता ते माझ्याकडे माणूस म्हणून बघत होते, आणि हे मडकं पहिल्यापेक्षा घट्ट होतं.

आम्ही गेलो नाही, हे उघडच आहे. गेलो असतो तर हे सगळं मला हिब्रूत लिहावं लागलं असतं आणि कुणाला कळलं नसतं. काका पेसाखच्या आधी गेले. तिथे त्यांनी पुन्हा चित्रं काढायला घेतली, असं ऐकलं. आम्ही एका वर्षासाठी म्हणून पेणला बिऱ्हाड केलं, मग आणखी एका वर्षासाठी. सिम्हा डिमोनाला दोनदा जाऊन आली. पहिल्या खेपेला आईने तिला बघून ओळखलं, दुसऱ्या खेपेला गालावरून हात फिरवून. परत आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, की तिकडे वाल मिळत नाही.  थंडीत कधी ती पोपटीच्या शेंगा सोलताना मध्येच थांबते, तेव्हा मी उठून उगाच कॅलेंडर बघून येतो. तरीही ओळ चुकायची ती चुकतेच.

अनेक वर्षं मी या पराशांतून आजच्या माणसासाठी काही ना काही काढून देतो. गुलामाला साखळीची सवय होते, असं सांगतो. सुटकेलासुद्धा धाडस लागतं, असं सांगतो. ऐकणारे माना डोलावतात. मी मात्र बोलता बोलता त्या अंगणात जाऊन उभा राहतो आणि शरबताचे आठ पेले हवेत थांबलेले दिसतात.

मी त्या दिवशी आठ जणांना होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उद्या, असं मात्र म्हणालो नाही, एवढं खरं. "विचारून सांगतो," म्हणालो आणि पायरीकडे गेलो. सिम्हाने सगळं ऐकलं होतं. तिच्या हातातला पेला भरलेलाच होता. माझ्यामागून आठ जण आणि काका, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मशिदीत यायला लागल्यापासून तिच्याकडे एवढ्या जणांनी एकदम कधी बघितलं नसेल. मी तिला काही विचारायच्या आतच ती म्हणाली,

"दहांत मला कधी कुणी मोजलं नाय. आणि आज सगळं माझ्यावर अडलंय व्हय?"